पाठ कमी घ्या, पण पूर्ण पाहा: बी.एड.च्या इंटर्नशिपविषयी खुले पत्र

प्रति,
राज्यातील विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र अभ्यास मंडळांचे अध्यक्ष व सदस्य,
आणि सर्व अध्यापक महाविद्यालयांचे प्राचार्य

विषय: बी.एड.च्या दुसऱ्या वर्षातील इंटर्नशिपची योजना बदलण्याबाबत

स.न.वि.वि.

महाराष्ट्रात शिक्षकाच्या नोकरीपर्यंत पोहोचायला किती चाळण्या पार कराव्या लागतात, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. बी.एड.ला प्रवेश हवा तर सीईटी सेलची परीक्षा, ९० मिनिटांत १०० प्रश्न. बी.एड. झाल्यावर सहावी ते आठवीला शिकवायचे तर टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर, १५० प्रश्न, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के गुण आवश्यक. पहिली ते पाचवीचे दार तर सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर बी.एड.वाल्यांना बंदच झाले. मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलसाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी: दोन तासांत २०० प्रश्न, त्यांतले १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. या सगळ्या परीक्षांत उमेदवार पर्याय निवडतो. मुलाखतीसह भरल्या जाणाऱ्या खाजगी संस्थांच्या जागा सोडल्या, तर तो शिकवतो कसा हे कुणी पाहतच नाही.

म्हणजे हा माणूस वर्गात उभा राहून मुलांना काही शिकवू शकतो का, हे नीट बसून पाहण्याची जागा या सगळ्या वाटेवर एकच उरते, ती बी.एड.ची इंटर्नशिप, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याचा काळ. आणि ती आज पाठांची मोजणी पूर्ण करण्यात खर्ची पडते. आमची मागणी थोडक्यात अशी आहे: अभ्यासक्रमातली पाठांची संख्या कमी करा, पण जो पाठ मोजाल तो पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत पाहिलेला असू द्या आणि त्यावर त्याच दिवशी बोलणे झालेले असू द्या.

नॉन-अटेंडिंगच्या, म्हणजे हजर न राहता पदवी मिळवण्याच्या, विषयात आम्ही मुद्दाम शिरत नाही. जिथे छात्राध्यापक (बी.एड.चे विद्यार्थी) शाळेत पाऊलच टाकत नाहीत, तिथे प्रश्न मान्यतेचा आहे, योजनेचा नाही. हे पत्र इंटर्नशिप खरोखर चालवणाऱ्या महाविद्यालयांपुरते आहे. बिघाड तिथेही आहे, आणि तो दुरुस्त करण्याजोगा आहे.

नियमांची अडचण फारशी नाही. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि शाळेतल्या कामाला किमान २० आठवडे दिले: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. इंटर्नशिपला हजेरीची अट ९० टक्के, बाकी अभ्यासक्रमाला ८० टक्के. १००० पटापर्यंतच्या शाळेत दहा आणि २००० पटापर्यंतच्या शाळेत वीस यांहून जास्त छात्राध्यापक नकोत, हेही त्यात आहे. पहिला एक आठवडा नुसत्या निरीक्षणाचा असावा, हेही आहे. दोन्ही वर्षांचे मिळून २०० विद्यार्थी असतील तर १६ पूर्णवेळ अध्यापक, त्यांतले आठ अध्यापन पद्धतीचे.

आता हिशेब मांडून पाहू. दुसऱ्या वर्षात १०० छात्राध्यापक आहेत. प्रत्येकाचा एक पाठ महाविद्यालयाच्या अध्यापकाने पंधरा दिवसांतून एकदा पूर्ण पाहायचा, म्हणजे आठवड्याला ५० पाठ. पद्धतीच्या आठ अध्यापकांत वाटले तर प्रत्येकाला सहा-सात. एका पाठाला आधीची दहा मिनिटे, ३५ ते ४० मिनिटांची तासिका आणि नंतरची वीस मिनिटे, म्हणजे साधारण सत्तर मिनिटे लागतात. सहा-सात पाठांचे सात ते आठ तास होतात. छात्राध्यापक एकाच शाळेत दहाच्या गटाने असतील तर हे आठवड्याच्या दोन सकाळींत बसते. सोळा आठवड्यांत प्रत्येकाचे आठ पाठ पूर्ण पाहून होतात. हे अशक्य नाही.

अशक्य होते ते दोन कारणांनी. एक, आठ जागांपैकी चारच भरलेल्या असतात आणि बाकी काम तासिका तत्त्वावर चालते. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाचे मानधन वर्गातल्या तासिकेवर मोजले जाते. शाळेत जाऊन पाठ पाहणे त्या हिशेबात कुठे बसवायचे, हे बहुतेक ठिकाणी कुणी ठरवलेलेच नसते. दोन, प्रत्येक छात्राध्यापकाचे ठरावीक पाठ 'निरीक्षित' दाखवायचे असतात. मग एकाच तासिकेत तीन वर्गांचे तीन पाठ लावले जातात. निरीक्षक एका वर्गात प्रास्ताविक पाहतो, दुसऱ्यात फळ्याकडे नजर टाकतो, तिसऱ्यात संकलनाला, म्हणजे शेवटच्या उजळणीला, पोहोचतो आणि तिन्ही निरीक्षण वह्यांवर सही करतो. शेरा असा असतो:

'आवाज चांगला. फलकलेखन सुधारावे. विद्यार्थी सहभाग वाढवावा.'

हा शेरा कुठल्याही विषयाच्या कुठल्याही पाठाला चालतो, म्हणून तो कुठल्याच पाठाचा नाही. छात्राध्यापकाला त्यातून उद्या काय वेगळे करायचे ते कळत नाही. त्याच वहीत असे लिहिले असते तर: 'पहिल्या पंधरा मिनिटांत चौदा प्रश्न विचारले. त्यांतल्या अकरांची उत्तरे पुढच्या दोन बाकांवरून आली. खिडकीकडच्या रांगेला एकही प्रश्न नाही. प्रश्न संपल्याबरोबर नाव घेतले गेले, त्यामुळे बाकीच्यांनी विचार सोडून दिला.' यात शेरेबाजी नाही, मोजणी आहे. ती मागच्या बाकावर बसून, वर्गाचा कच्चा नकाशा काढून, प्रत्येक प्रश्नाला एक काडी ओढून करता येते. अमेरिकन शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले होते की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभर जेमतेम थांबतात, आणि हा थांबा तीन सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागतात. थांबून नाव घेणे ही सवय आठवड्याभरात लावता येते. पण ती नाही हे कुणीतरी आधी पाहायला हवे.

गंमत म्हणजे यासाठी लागणारे ज्ञान आपल्या पेपरांत आहेच. वर्गातल्या शिक्षक-विद्यार्थी बोलण्याचे फ्लँडर्सने पाडलेले दहा प्रवर्ग आणि दर तीन सेकंदांची नोंद विद्यार्थी पाठ करून लिहितात. इंटर्नशिपमध्ये ते साधन कुणी हातात घेत नाही.

दुसरे उदाहरण सूक्ष्म अध्यापनाचे, म्हणजे छोट्या गटापुढे एकेका कौशल्याच्या छोट्या पाठाच्या सरावाचे. पहिल्या वर्षी आपण ३६ मिनिटांचे चक्र काटेकोर शिकवतो: ६ मिनिटे पाठ, ६ मिनिटे प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), १२ मिनिटे पुनर्नियोजन, ६ मिनिटे पुनर्पाठ, ६ मिनिटे पुनर्प्रत्याभरण. या चक्राचा जीव पुनर्पाठात आहे. चूक सांगितली, ती सुधारून लगेच पुन्हा करून पाहिली. दुसऱ्या वर्षी खऱ्या वर्गात गेल्यावर हेच तत्त्व आपण सोडून देतो. सोमवारी सातवी 'अ'वर इतिहासाचा पाठ, शेरा मिळाला, गुरुवारी पाचवी 'क'वर भूगोलाचा पाठ, निरीक्षक वेगळा. सोमवारच्या शेऱ्याचे काय झाले, हे तपासायची सोयच नाही.

म्हणून पाठानंतरच्या वीस मिनिटांचा क्रम ठरवून द्यावा. आधी छात्राध्यापक बोलेल, तेही 'पाठ कसा वाटला' याबद्दल नव्हे, तर मुलांनी वहीत काय लिहिले यावरून. त्यासाठी तासिका संपताना पाच वह्या उचलून आणायच्या: दोन पुढच्या बाकांवरच्या, तीन मागच्या. मग निरीक्षक आपली मोजणी दाखवेल. मग बदलायची गोष्ट एकच ठरेल. निरीक्षकाला सात गोष्टी खटकल्या तरी एकच, कारण सात सुधारणा घेऊन वर्गात गेलेला नवखा माणूस एकही करत नाही. शेवटी ती सुधारणा कोणत्या तासिकेला करून पाहायची तो दिवस ठरेल, दोन दिवसांच्या आत, त्याच तुकडीवर. पुढच्या निरीक्षणाची सुरुवात तिथून होईल.

आता टाचणाकडे, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याकडे. अनेक ठिकाणी पाठ टाचण सहा-सात पानांचे असते. डावीकडे शिक्षक कृती, उजवीकडे विद्यार्थी कृती. उजव्या रकान्यातली मुले नेहमी बरोबर उत्तर देतात. खऱ्या वर्गात पहिलेच उत्तर चुकीचे आले की टाचण संपते आणि छात्राध्यापक 'नाही, दुसरं कोण सांगेल?' म्हणत हवे ते उत्तर मिळेपर्यंत वर्गभर फिरतो. चुकलेल्या मुलाला का चुकले ते कळत नाही आणि वर्गालाही नाही.

व्याकरणाचा प्रयोग घ्या. 'रामाने आंबा खाल्ला' यातला प्रयोग कोणता, असे विचारले की वर्गातून हमखास 'कर्तरी' येते. कारणही ठरलेले: खाणारा राम आहे, म्हणून कर्ता महत्त्वाचा, म्हणून कर्तरी. ही चूक टाचणात आधीच लिहिलेली असेल तर पुढची चाल तयार असते. फळ्यावर लगेच खाली 'रामाने कैरी खाल्ली' आणि त्याखाली 'सीतेने आंबा खाल्ला' लिहायचे. कर्म बदलल्यावर क्रियापद बदलले, कर्ता बदलल्यावर बदलले नाही, हे मुलेच सांगतात. मग क्रियापद कुणाचे ऐकते, एवढाच प्रश्न; ते कर्माचे ऐकते, म्हणून प्रयोग कर्मणी. पण ही चाल ऐन वेळी सुचत नाही. बीजगणितात (अ + ब)² चे अ² + ब² होणे, अपूर्णांकात १/२ + १/३ चे २/५ होणे, विज्ञानात झाड मातीतून अन्न घेते असे उत्तर येणे, या सगळ्या चुका कुठल्याही अनुभवी शिक्षकाला तोंडपाठ असतात. विषय येणे आणि तो शिकवता येणे यांत जो फरक आहे, तो बराचसा या चुका माहीत असण्याचा आहे.

आमचे म्हणणे असे की टाचण दोन पानांचे करा आणि त्यात तीन गोष्टी सक्तीच्या करा: मुख्य प्रश्न जसाच्या तसा, त्याला येऊ शकणारी दोन चुकीची उत्तरे कारणासह, आणि प्रत्येक चुकीवरची पुढची चाल. चुकीची उत्तरे कुठून मिळवायची? शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकाला विचारून आणि मागच्या घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका चाळून. अशा टाचणाची तयार फाइल बाजारात मिळणे अवघड, हा फायदा वेगळाच.

सगळ्यात मोठा बदल मात्र सुट्या पाठांबाबत हवा. आज छात्राध्यापक सुटे पाठ घेतो. आज या तुकडीवर, उद्या त्या. आपण शिकवलेले मुलांना आठवड्याने आठवते का, हे त्याला कधी कळत नाही, कारण आठवड्याने तो तिथे नसतो. शाळांनाही ते सोयीचे पडते: शिक्षक रजेवर असला की ऑफ तासिकेला छात्राध्यापक पाठवायचा. वर्ग सांभाळला जातो, पण शिकणे कुणाचेच होत नाही.

त्याऐवजी सोळा आठवड्यांची रचना अशी करता येईल. पहिला आठवडा निरीक्षणाचा, पण 'शाळेचा परिसर' आणि 'मुख्याध्यापकांची कर्तव्ये' लिहिण्याचा नव्हे. रोज एकच गोष्ट पाहायची: एक दिवस तास सुरू व्हायला किती वेळ लागतो, एक दिवस गृहपाठ कसा तपासला जातो, एक दिवस एकाच मुलाकडे पूर्ण दिवस लक्ष. दुसरा-तिसरा आठवडा तुकड्यातुकड्याने शिकवण्याचा: मार्गदर्शक शिक्षकाच्या तासातली दहा मिनिटे, कधी सुरुवात, कधी उदाहरणे सोडवून घेणे, आणि रोज एका वर्गाच्या वह्या तपासणे. चौथ्यापासून एक विषय, एक ठरलेली तुकडी, आणि तिथेच राहणे. त्यात एक पूर्ण घटक, साधारण आठ ते दहा तासिकांचा, छात्राध्यापकाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिकवायचा.

घटक संपला की चाचणी त्यानेच काढायची. संविधान तक्ता (कोणत्या भागाला किती गुण याचा आराखडा) करायचा, २० गुणांची प्रश्नपत्रिका मार्गदर्शक शिक्षकाला आधी दाखवायची, पेपर तपासायचे. आणि मग जे काम आज घरी बसून फाइलमध्ये होते ते वर्गात करायचे: सर्वांत जास्त मुलांचा चुकलेला प्रश्न निवडायचा, त्याच्या चुकीच्या उत्तरांचे प्रकार पाडायचे, कोणत्या प्रकारात किती मुले ते लिहायचे, आणि सर्वांत मोठ्या गटासाठी एक तासिका पुन्हा घ्यायची. 'निदानात्मक चाचणी व उपचारात्मक अध्यापन' या शीर्षकाखाली आज जे लिहिले जाते त्यातली मुलांची नावे पुष्कळदा खरी असतात, उत्तरे खरी नसतात. उत्तरपत्रिकांचे फोटो सोबत जोडायला लावले की एवढा फरक पडतो. उरलेले आठवडे दुसऱ्या स्तरावरच्या वर्गासाठी आणि दुसऱ्या छोट्या घटकासाठी ठेवता येतील.

याला मुख्याध्यापकांचा आक्षेप काय असेल हे आम्हाला ठाऊक आहे. अभ्यासक्रम मागे पडेल, निकाल लागणार कसा? दहावीचा वर्ग कुणी देणार नाही, आणि मागूही नये. नववी आणि आठवी मागावी. घटक कोणता ते शाळेच्या वार्षिक नियोजनावरून जूनमध्येच ठरवावे, इंटर्नशिप सुरू होण्याच्या आदल्या दिवशी नव्हे. आणि पहिल्या दोन-तीन तासिकांना मार्गदर्शक शिक्षक वर्गात बसतील, हे लेखी ठरवून घ्यावे. पालकांची तक्रार आली तर मुख्याध्यापकांच्या हातात तेवढा कागद असतो.

या मार्गदर्शक शिक्षकाला आपण आज काय देतो? बहुधा शेवटच्या दिवशी एक पुष्पगुच्छ. त्याच्या तासिका कमी होत नाहीत, त्याने काय करायचे हे सांगितलेले नसते, आणि सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी लागू करणाऱ्या १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सेवेतले कितीतरी शिक्षक स्वतःच टीईटीच्या अभ्यासाला लागले आहेत. त्यांच्याकडून फुकटात वेळ मागायचा तर निदान व्यवस्था तरी नीट असावी. एका शिक्षकाकडे एक, फार तर दोन छात्राध्यापक. इंटर्नशिपआधी अर्ध्या दिवसाच्या दोन बैठका, त्यांत एकाच पाठाचा व्हिडिओ सर्वांनी पाहून नोंदी ताडून पाहायच्या. आठवड्यात एक तासिका दोघांचीही रिकामी, वेळापत्रकात छापलेली. मानधन विद्यापीठाने इंटर्नशिपच्या शुल्कातून द्यावे. शिवाय राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकांकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा धरते. छात्राध्यापकाला मार्गदर्शन केलेले तास त्यात धरले जावेत, असा प्रस्ताव अभ्यास मंडळांनी एकत्र येऊन शासनाकडे पाठवावा. या प्रस्तावाला पैसा लागत नाही.

गुणांबद्दल थोडेच. इंटर्नशिपचे अंतर्गत गुण जवळपास सगळ्यांना सारखेच आणि भरघोस मिळतात, कारण बाह्य परीक्षक फाइली पाहतो. बाह्य परीक्षकाने दहांपैकी दोन छात्राध्यापकांचा पाठ आधी न कळवता वर्गात जाऊन पाहावा आणि त्यांच्या निरीक्षण वह्यांशी ताडून पाहावा. दोहोंत मोठा फरक आढळला तर त्या गटाचे गुण पुन्हा तपासावेत. पाठांचे चित्रीकरण हा पर्याय पुढे येतो, पण त्याला पालकांची आणि शाळेची लेखी परवानगी लागते आणि मुलांचे चेहरे दिसता कामा नयेत. बहुतेक कामांना नुसते ध्वनिमुद्रण पुरते: छात्राध्यापकाने स्वतःच्या तासातली दहा मिनिटे ऐकून स्वतः किती बोललो आणि मुले किती बोलली हे मोजावे.

वेळापत्रकाचा पेच खरा आहे. प्रवेशफेऱ्या लांबत जातात, पहिले वर्ष उशिरा सुरू होते, दुसऱ्या वर्षाचे सत्र शाळेच्या सत्राशी जुळत नाही, आणि सोळा आठवडे दिवाळीची सुट्टी, सहामाही परीक्षा आणि स्नेहसंमेलन यांच्या मधल्या फटींत कोंबले जातात. त्यामुळे इंटर्नशिपचे आठवडे विद्यापीठाच्या नव्हे, शाळेच्या दिनदर्शिकेवरून मोजावेत. परीक्षेचा आणि सुट्टीचा आठवडा सोळांत धरू नये. सहामाहीनंतरचा सलग काळ हा एक पूर्ण घटक शिकवायला सर्वांत सोयीचा असतो.

शेवटी निरीक्षणाचा नमुना. आज वापरात असलेल्या तक्त्यांत वीस-पंचवीस बाबी आणि प्रत्येकीला पाच श्रेणी असतात. निरीक्षक मान खाली घालून खुणा करत राहतो आणि वर्गाकडे पाहायचे राहून जाते. त्याऐवजी एक पान पुरेसे आहे. वर तुकडी, पट, घटक आणि या घटकातली कितवी तासिका. त्याखाली वर्गाचा बैठक-नकाशा, काड्या ओढायला. मग पाच-पाच मिनिटांचे रकाने: शिक्षक काय करत होता, मुले काय करत होती. मग पाच वह्यांत काय आढळले. सगळ्यात खाली मागच्या वेळी ठरलेली एक सुधारणा, ती झाली की नाही, या वेळी ठरलेली एक, आणि ती करून पाहण्याची तारीख. खाली तीन सह्या: छात्राध्यापक, मार्गदर्शक शिक्षक, महाविद्यालयाचे निरीक्षक. पुढच्या शैक्षणिक वर्षाची योजना मंडळापुढे येईल तेव्हा या नमुन्यावर आणि पाठसंख्येवर एकत्रच निर्णय व्हावा. संख्या तशीच ठेवून नुसता नमुना बदलला तर तो महिन्याभरात पाठ न पाहताच भरला जाऊ लागेल.

आपले,
अध्यापक शिक्षणात आणि शाळांत काम करणारे काही निरीक्षक व मार्गदर्शक शिक्षक